लिग्नाइट खाणीच्या जमीन पुनर्स्थापनेच्या अटीत बदल कसा मागायचा: नव्याने या कामाला लागलेल्यांसाठी

बडोद्याहून दक्षिणेला निघून नर्मदा ओलांडली की भरूच जिल्ह्यातलं राजपारडी लागतं. त्यापुढे सुरत जिल्ह्यातले वस्तान आणि तडकेश्वर. हा दक्षिण गुजरातचा लिग्नाइटचा पट्टा. बडोद्यात राहून या पट्ट्याचं काम करणारे सर्व्हेअर, भूगर्भशास्त्राचे पदवीधर आणि खाण कंपन्यांच्या पर्यावरण विभागात नुकतेच रुजू झालेले इंजिनिअर यांच्यासाठी हा लेख आहे. लिग्नाइट म्हणजे कमी वयाचा कोळसाच. खाण बंद करण्याचे केंद्रीय कोळसा मंत्रालयाचे नियम दोन्हींना सारखेच लागू होतात, त्यामुळे कोराडी किंवा वणीकडे काम करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

प्रश्न साधारण असा उभा राहतो. मंजूर आराखड्यात लिहिलेलं असतं की खाण संपल्यावर खड्डा जमिनीच्या पातळीपर्यंत भरायचा आणि वर शेती किंवा वनीकरण करायचं. पंधरा-वीस वर्षांनी लक्षात येतं की भरायला माती पुरत नाही. किंवा बाहेरच्या डंपवर, म्हणजे खणलेल्या मातीच्या ढिगावर, इतकं दाट झाड वाढलेलं असतं की तो उकरणं म्हणजे नव्याने नासधूस करणं. मग कार्यालयात कुणीतरी म्हणतं, "सूट मागून टाकू."

सूट मागण्याचा एकच असा कुठलाही फॉर्म नाही. असतात ती तीन-चार मंजूर कागदपत्रं, आणि त्या प्रत्येकातल्या ठरावीक वाक्यात बदल मागावा लागतो. मागणी कधीही "कमी काम करू द्या" अशी नसावी. जमीन सुरक्षित, स्थिर आणि वापरण्याजोगी करायची हे उद्दिष्ट तसंच राहतं, फक्त ते वेगळ्या रीतीने गाठायची परवानगी तुम्ही मागत असता. अमेरिकेत १९७७ च्या पृष्ठभाग खाणकाम कायद्याने जमिनीचा मूळ चढउतार जवळजवळ पूर्ववत करणं बंधनकारक केलं. तिथेही डोंगरमाथ्यावरच्या खाणीला त्यातून अपवाद मिळतो तो खाणीनंतर त्या जागेचा उद्योग, शेती, वस्ती किंवा सार्वजनिक सोयीसाठी ठोस उपयोग दाखवला तरच. आपल्याकडचे अधिकारीही पहिला प्रश्न हाच विचारतात: भरणार नाही म्हणता, मग तिथे काय असेल आणि ते कोण सांभाळेल?

आधी अट नेमकी कुठे आहे ते शोधा

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया जातं. "खड्डा भरा" ही अट एकाच ठिकाणी नसते. चार कागद समोर ठेवा.

पहिला, कोळसा मंत्रालयाच्या नियमांखाली मंजूर झालेला खाण आराखडा आणि त्याला जोडलेला खाण-बंदी आराखडा, म्हणजे खाण बंद कशी करायची त्याचा आराखडा. या विषयावरची मार्गदर्शक तत्त्वं पहिल्यांदा २७ ऑगस्ट २००९ ला आली, ७ जानेवारी २०१३ ला सुधारली, मे २०२० मध्ये खाण आराखड्याच्या तत्त्वांत मिसळली आणि ३१ जानेवारी २०२५ ला पुन्हा नवी निघाली. तुमचा आराखडा यातल्या कुठल्या आवृत्तीखाली मंजूर झाला ते पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा.

दुसरा, पर्यावरण मंजुरीचं पत्र, म्हणजे ईसी. कोळसा खाणींच्या प्रमाणित अटींत एक महत्त्वाचं वाक्य असतं: अंतिम खड्ड्याची खोली मंजूर बंदी आराखड्याप्रमाणे असावी, ती ४० मीटरपेक्षा जास्त असेल तर जलचर जगतील अशी अभियांत्रिकी व्यवस्था करावी, आणि उरलेलं क्षेत्र भरून त्यावर सुपीक माती पसरावी. म्हणजे खड्डा ठेवायला मुळातच बंदी नाही, तो आराखड्यात असायला हवा. पण जुन्या मंजुरींमध्ये कधी कधी "खड्डा ठेवता येणार नाही" अशी खास अट घातलेली असते. तुमच्या पत्रात यातलं काय आहे ते शब्दशः वाचा. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

तिसरा, गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. तिच्यात खाणीतलं पाणी कुठे सोडायचं ते बांधलेलं असतं. चौथा, खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या परवानग्या.

याशिवाय खाणपट्ट्यात वनजमीन असेल तर वनजमीन वळवण्याच्या मंजुरीच्या अटी वेगळ्या, आणि त्या सगळ्यांत कडक. वनजमिनीवरच्या पुनर्स्थापनेत बदल हवा असेल तर ते प्रकरण स्वतंत्र चालवा, या अर्जात मिसळू नका. मिसळलं की दोन्ही अडकतात.

एका कागदाचे तीन रकाने करा: अट क्रमांक आणि पत्राची तारीख, अटीचे मूळ शब्द, ती पाळण्यात नेमकी अडचण काय. हा कागद पुढे अर्जाचा कणा होतो.

काय मागूच नये

सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० ला आदेश दिला की खाणकाम संपल्यावर खाणपट्टा आणि खाणकामाने बिघडलेली इतर जागा यांवर पुन्हा गवत उगवून ती चाऱ्याला, वनस्पतींना आणि जीवसृष्टीला योग्य करायची. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १६ जानेवारी २०२० च्या पत्रकाने ही अट खाणींच्या पर्यावरण मंजुरींना जोडली. यातून सूट मागणारा अर्ज वाचणाऱ्याचा विश्वास पहिल्याच पानावर गमावतो. तलाव ठेवा, पण काठ, उतार आणि डंप यांवर गवत-झाडी येणारच हे स्वतःहून लिहा.

वरच्या सुपीक मातीचा वापर, धोकादायक कड्यांना कुंपण आणि एस्क्रो खात्यातली (खाण बंद करण्याच्या कामासाठी आधीच बाजूला ठेवलेली) रक्कम हेही मागणीच्या बाहेर ठेवा. एस्क्रोबद्दल नवख्यांचा हमखास गैरसमज होतो. २०२० च्या तत्त्वांनुसार उघड्या खाणीसाठी हेक्टरी ९ लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी दीड लाख रुपये हा १ एप्रिल २०१९ च्या पातळीचा आधारदर आहे आणि तो घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढतो. २०० हेक्टरच्या प्रकल्पाला मूळ आकडाच १८ कोटी होतो. खड्डा न भरल्याने वाचणारा खर्च या रकमेतून वजा करा असं मागायचं नाही. हा हिशेब क्षेत्रावर आहे, तुम्ही किती माती हलवता यावर नाही.

घनफळाचा ताळेबंद

अर्ज बहुतेक वेळा इथेच पडतो, म्हणून या भागाला सगळ्यांत जास्त वेळ द्या. "माती कमी पडते" हे वाक्य आकड्यांत सिद्ध करावं लागतं. समजा:

खोदलेलं क्षेत्र १२० हेक्टर, सरासरी खोली ५० मीटर. एकूण खोदकाम ६ कोटी घनमीटर.
त्यातून लिग्नाइट निघाला ६० लाख टन. घनता १.२ धरली तर ५० लाख घनमीटर.
उरलेलं ओव्हरबर्डन (लिग्नाइटवरची माती आणि दगड) ५.५ कोटी घनमीटर, जमिनीतल्या मूळ स्थितीत.
खोदल्यावर माती फुगते, टाकल्यावर दबते. दबून झाल्यावर उरणारी फूग १२ टक्के धरली तर ६.१६ कोटी घनमीटर.
त्यातलं ९० लाख घनमीटर बाहेरच्या डंपमध्ये आहे. आत टाकलेलं ५.२६ कोटी.
म्हणजे उरणारा खड्डा ७४ लाख घनमीटर. २५ हेक्टरवर पसरलेला, सरासरी ३० मीटर खोल.

आता नीट पाहा. एकूण माती ६.१६ कोटी आहे आणि खड्डा ६ कोटींचा. म्हणजे माती कमी नाही, ती बाहेरच्या डंपवर आहे. त्यामुळे "माती उपलब्ध नाही" असं लिहिलंत तर अर्ज तपासणाऱ्या समितीतला कुठलाही खाण अभियंता दोन मिनिटांत ते खोडून काढील. खरं कारण आहे ते लिहा: बाहेरचा डंप स्थिर झालेला आहे, त्यावर वनस्पती आलेली आहे, तो पुन्हा उकरला तर ३० हेक्टर हिरवी जागा जाईल, तेवढा काळ धूळ उडेल, डिझेल जळेल. प्रमाणित अटींमध्येच असं म्हटलेलं आहे की नदी-नाल्यांजवळचे चालू डंप उचलून खड्ड्यात टाकावेत, पण जैविक पुनर्स्थापना झालेल्या डंपना हात लावायची गरज नाही. हे वाक्य तुमच्या मंजुरीत असेल तर तोच तुमचा सगळ्यांत भक्कम आधार. मात्र डंपवर खरोखर झाडं असली पाहिजेत. विलायती बाभळीचं रान म्हणजे जैविक पुनर्स्थापना नव्हे. प्रजातींची यादी, हेक्टरी झाडं, जगण्याचं प्रमाण आणि फोटो अक्षांश-रेखांशासह जोडा.

फुगीचा आकडा पुस्तकातून उचलू नका. या पट्ट्यात वर काळी माती आणि खाली चिकणमातीचे जाड थर आहेत. भिजलेली चिकणमाती टाकताना फुगते आणि वर्षानुवर्षं दबत राहते. पाच टक्क्यांचा फरक इथे साडेसत्तावीस लाख घनमीटर होतो, म्हणजे उरलेल्या खड्ड्याच्या एक तृतीयांशाहून जास्त. आत भरलेल्या भागाचं दोन वेगवेगळ्या वर्षांचं ड्रोन सर्वेक्षण घ्या आणि त्याच काळातल्या खोदकामाच्या नोंदींशी ताडून तुमचा स्वतःचा आकडा काढा.

ताळेबंदासोबत किमान तीन पर्याय मांडा: पूर्ण भरणं, अर्धवट भरून उथळ तलाव, आणि तुमचा प्रस्ताव. पूर्ण भरण्याचा पर्यायही प्रामाणिकपणे मोजा. घनमीटरला ७० रुपये दर धरला तर ७४ लाख घनमीटर हलवायला ५१ कोटी ८० लाख. खर्च हे एकटं कारण म्हणून कधीच पुरत नाही, पण त्यासोबत किती वर्षं लागतील, किती डंपर-फेऱ्या होतील आणि किती हिरवी जागा जाईल हे आलं की चित्र पूर्ण होतं. पर्याय मुद्दाम हास्यास्पद वाटेल असा मांडू नका, ते लगेच कळतं.

खड्ड्याचा तलाव होतो, पण आपोआप नाही

पावसाळ्यात पाणी साचलं म्हणजे तलाव झाला असं नाही. पाण्याचा वार्षिक हिशेब मांडा. २५ हेक्टर पाण्यावरून वर्षाला दीड मीटर बाष्पीभवन धरलं तर ३ लाख ७५ हजार घनमीटर उडून जातं. थेट पाऊस ८०० मिलिमीटर धरला तर २ लाख घनमीटर येतं. उरलेलं पावणेदोन लाख कुठून येणार? आजूबाजूच्या उतारावरून, की भूजलातून? भूजलातून येणार असेल तर गावच्या विहिरींची पातळी किती उतरेल ते सांगावं लागतं. नाल्यातून आणणार असाल तर खालच्या गावांचं पाणी तोडता का, हा प्रश्न येतो. जवळच्या पर्जन्यमापकाची ३० वर्षांची नोंद घ्या आणि कमी पावसाच्या वर्षांत पातळी कुठवर उतरते ते वेगळं दाखवा.

पाण्याच्या प्रतीबद्दल लिग्नाइटची खोड लक्षात ठेवा. त्यात आणि त्याच्या लगतच्या काळ्या शेलमध्ये पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, असतं. हवा आणि पाणी लागलं की त्यातून आम्ल तयार होतं, पाण्याचा सामू (पीएच) घसरतो आणि लोह, मँगनीज, सल्फेट वाढतात. खड्ड्याच्या तळाशी लिग्नाइटचे पातळ थर तसेच उघडे राहिले तर तलाव वर्षानुवर्षं आंबट राहू शकतो. म्हणून तळाचे आणि भिंतींचे नमुने घेऊन आम्ल तयार होण्याची आणि ते मुरवण्याची क्षमता तपासा, उघडे थर चिकणमातीने झाकायचा नकाशा द्या, आणि सध्या साचलेल्या पाण्याचे चारही ऋतूंचे अहवाल जोडा. कोळसा खाणीतून सोडलेल्या पाण्याला सामू ५.५ ते ९ चालतो. पण तलावावर गुरं येणार, मासे सोडणार असं लिहीत असाल तर त्या मर्यादेवर समाधान मानू नका. फक्त एका उन्हाळ्याचा अहवाल जोडलेला अर्ज हमखास परत येतो.

खाणीतून पाणी उपसण्यासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाची ना-हरकत लागते. उपसा थांबल्यावर पाणी किती वर्षांत कुठल्या पातळीला येऊन स्थिरावेल, याचं उत्तर त्या प्रकरणातल्या आकड्यांशी जुळलं पाहिजे. दोन अहवालांत दोन वेगळ्या पातळ्या असणं ही नेहमी सापडणारी चूक आहे. कारण साधं: दोन अहवाल दोन वेगळ्या सल्लागारांनी केलेले असतात आणि कुणीच ते शेजारी ठेवून वाचलेले नसतात.

उतार आणि काठ

कोळसा खाण विनियम २०१७ मध्ये डंपचा उतार साडेसदतीस अंशांपेक्षा जास्त नको, ३० मीटरपेक्षा उंच डंपला बेंच (पायऱ्या) पाडायची आणि एकूण उतार एकास दीडपेक्षा (उभं एक, आडवं दीड) तीव्र नको असं बंधन आहे. हे खाण चालू असतानाचं. कायमचा राहणारा उतार याहून सपाट लागतो. पर्यावरण मंजुरीत २८ अंशांची मर्यादा बऱ्याचदा दिसते.

स्थिरतेचा अहवाल मागवताना परिस्थिती लेखी द्या: माती पूर्ण भिजलेली, तलाव भरलेला, तलावाची पातळी झपाट्याने उतरलेली, आणि भूकंपाचा भार. तिसरी परिस्थिती बहुतेक जण विसरतात, आणि चिकणमातीचा काठ घसरतो तो तेव्हाच. बाहेरून आधार देणारं पाणी उतरतं, आतलं मातीतलं पाणी मात्र तसंच राहतं. कायमच्या उतारासाठी सुरक्षितता गुणांक (धरून ठेवणारं बळ भागिले घसरवणारं बळ) १.५ दाखवावा असा आमचा आग्रह आहे. मातीच्या चाचण्या बडोद्यातच कलाभवनात, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत होऊ शकतात. नमुने मात्र अखंड नळीत, मेणाने बंद करून न्या. पिशवीत भरलेल्या ढेकळावरून काढलेली ताकद कुणी मानत नाही.

निदान एका बाजूचा काठ एकास चार किंवा त्याहून सपाट ठेवा. गुरं तिथूनच उतरतील, आणि पोरं पाण्यात पडली तर तिथूनच बाहेर येतील. उभ्या हायवॉलच्या (खोदकामाच्या उभ्या भिंतीच्या) बाजूला कुंपण, आतून चर, बाहेरून पावसाचं पाणी वळवणारा गारलँड ड्रेन. तलाव ओसंडून वाहील तो सांडवा कुठे आणि कुठल्या पातळीला, हे नकाशावर दिसलं पाहिजे.

भरलेल्या ९५ हेक्टरवर ३० सेंटिमीटर सुपीक माती पसरायची म्हटली तर २ लाख ८५ हजार घनमीटर लागते. तुमच्या साठ्यात तेवढी आहे का ते मोजा. नसेल तर ते अर्जात झाकू नका. कुठल्या भागावर शेणखत, गाळ आणि शेंगावर्गीय पिकांनी माती तयार करणार ते सांगा.

गावाचं काय म्हणणं

या भागातले झगडिया, मांगरोळ, मांडवी हे तालुके आदिवासीबहुल आहेत. ग्रामसभा हा इथे उपचार नाही. खाणपट्ट्यात गौचर, म्हणजे गायरान, गेलेलं असेल तर भरलेल्या जमिनीतलं किती गौचर परत येणार, हा पहिला प्रश्न असतो. मोबदल्यात पाण्याचा तलाव देतो म्हणून चालत नाही. चाऱ्याची जागा वेगळी दाखवा. तलाठ्याकडून सात-बाराचे उतारे काढा आणि मामलतदार कार्यालयाच्या नोंदींशी ताडून पाहा.

नोटीस आणि प्रस्तावाचा सारांश गुजरातीत द्या आणि सभेत गुजरातीतच बोला. बडोद्याच्या मराठी माणसाला ते जड नाही. तांत्रिक शब्द टाळून नकाशा भिंतीवर लावा: इथे पाणी, इथे गवत, इथे रस्ता. बायका सरपण आणि पाण्यासाठी कुठल्या वाटेने जातात हे त्यांनाच विचारा, कारण खड्डा राहिला की वाट लांबते आणि ते कुठल्याच नकाशात दिसत नाही. ठरावात "संमती आहे" एवढंच नको. तलावाची देखभाल, मासेमारीचा हक्क, कुंपणाची दुरुस्ती कोण करणार ते लिहिलेलं हवं. ग्रामपंचायतीवर देखभाल टाकणार असाल तर पैसा कुठून येणार तेही त्याच ठरावात.

अर्जातलं मुख्य वाक्य

अर्ज लांबलचक असतो, पण निर्णय एका परिच्छेदावर होतो. तो असा हवा:

"दिनांक अमुकच्या पर्यावरण मंजुरीतील विशेष अट क्र. अमुक मध्ये 'खोदलेले संपूर्ण क्षेत्र मूळ जमीन पातळीपर्यंत भरण्यात यावे' याऐवजी 'खोदलेल्या १२० हेक्टरपैकी ९५ हेक्टर भरून त्यावर सुपीक माती पसरण्यात यावी आणि २५ हेक्टर क्षेत्रावर कमाल ३८ मीटर खोलीचा जलाशय, सोबतच्या नकाशा क्र. ४ प्रमाणे काठ, सांडवा व कुंपणासह, ठेवण्यात यावा' असा बदल करण्यात यावा."

जुने शब्द, नवे शब्द, क्षेत्र, खोली, नकाशा क्रमांक. "योग्य ती सवलत द्यावी" असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघम येतं, आणि पुढच्या तपासणीत त्याचा अर्थ तुमच्या विरोधात लावला जातो.

कुठे, कोणत्या क्रमाने

१. प्रस्ताव कंपनीच्या संचालक मंडळात मंजूर करून घ्या. २०२५ च्या तत्त्वांत किरकोळ बदल मंडळाच्या पातळीवर होऊ शकतात, मोठ्यांना कोल कंट्रोलरची (कोळसा मंत्रालयाखालच्या नियंत्रकाची) मंजुरी लागते. पूर्ण भरावाऐवजी जलाशय हा मोठाच बदल आहे. तो किरकोळ म्हणून आत सरकवू नका.

२. सुधारित खाण-बंदी आराखडा कोल कंट्रोलर संघटनेकडे. पर्यावरण मंजुरीचा अर्ज करण्याआधी हे व्हावं, कारण तिकडचं प्रमाणित वाक्यच "मंजूर बंदी आराखड्याप्रमाणे" असं आहे.

३. पर्यावरण मंजुरीतल्या दुरुस्तीचा अर्ज परिवेश या मंजुरींच्या सरकारी पोर्टलवर. मंजुरी केंद्राची आहे की राज्य प्राधिकरणाची ते मूळ पत्रावरून ठरतं. सहामाही अनुपालन अहवाल, १ जून आणि १ डिसेंबरचे, सगळे भरलेले आहेत ना ते आधी तपासा. मध्ये एखादा राहिलेला असेल तर तो शोधून, भरून मगच पुढे जा. जुन्या मंजुरीपत्रांत प्रादेशिक कार्यालय भोपाळ लिहिलेलं असतं, आता गुजरातचं काम गांधीनगरहून चालतं.

४. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीत आणि सुरक्षा महानिदेशालयाच्या परवानग्यांत सुसंगत बदल.

पोर्टलवर अर्ज अडतो तो बहुधा नकाशाच्या फाइलमुळे. केएमएल फाइलला, म्हणजे सीमेच्या नकाशाच्या फाइलला, डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक मापन-आधारावरचे अक्षांश-रेखांश लागतात. खाणीचे जुने नकाशे स्थानिक ग्रिडवर किंवा एव्हरेस्ट या जुन्या आधारावर असतात, तर नवं सर्वेक्षण यूटीएम या मीटरमधल्या ग्रिडच्या ४३ उत्तर विभागात. रूपांतर न करता सीमा चढवली की खाणपट्टा शंभर-दोनशे मीटर सरकून शेजारच्या शेतात दिसतो, आणि समितीचा पहिला प्रश्न अतिक्रमणाचा येतो. सीमेचे खांब डीजीपीएसने (अचूक मोजणाऱ्या जीपीएसने) पुन्हा मोजून घ्या.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: मंजुरी येईपर्यंत जागेवर काही बदलू नका. आधी तलावाचा काठ घडवून मग परवानगी मागितली की प्रकरण दुरुस्तीचं न राहता उल्लंघनाचं होतं. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड लागू शकतो, आणि दंडापेक्षा जास्त त्रास होतो तो अर्ज मागे पडण्याचा. म्हणून शेवटच्या भरावाच्या किमान तीन-चार वर्षं आधी ही प्रक्रिया सुरू करा. डोझर चालू असताना डंपची दिशा बदलणं स्वस्त असतं, यंत्रं परत गेल्यावर नाही.

समितीसमोर

सादरीकरणाला थोडाच वेळ मिळतो. पहिल्या स्लाइडवर जुनी अट आणि नवे शब्द शेजारी शेजारी. दुसरीवर घनफळाचा ताळेबंद. तिसरीवर खड्ड्याचा आडवा छेद, पाण्याच्या पातळीसह. कंपनीचा इतिहास, बक्षिसं, वृक्षारोपणाच्या दिवसाचे फोटो गाळा. प्रश्न बहुतेक या तीन गोष्टींवर येतात: पाणी कुठून, काठ किती काळ टिकेल, कंपनी गेल्यावर जबाबदारी कुणाची. ज्याने स्थिरतेचा अहवाल केला आणि ज्याने पाण्याचा हिशेब केला ते दोघं खोलीत हवेत. व्यवस्थापकाने त्यांच्या वतीने उत्तरं देऊ नयेत.

उत्तर माहीत नसेल तर लेखी देऊ म्हणून सांगा आणि दिलेल्या मुदतीत द्या. तिथल्या तिथे ठोकून दिलेला आकडा इतिवृत्तात जातो आणि नंतर अट बनून परत येतो.

आदेश आल्यावर

दुरुस्तीचं पत्र आलं की ते मूळ मंजुरीच्या प्रत्येक प्रतीला जोडा आणि अनुपालन अहवालाचा साचा त्याच दिवशी बदला. नव्या अटी सहसा वाढतातच: तलावाच्या पाण्याची दर ऋतूतली तपासणी, काठावर हालचाल मोजणारे खांब, आजूबाजूच्या विहिरींच्या नोंदी. जमीन-वापराचं उपग्रह सर्वेक्षण तीन वर्षांतून एकदा असतंच. त्यात पहिल्यांदा तलाव दिसेल तेव्हा त्याचं क्षेत्र मंजूर २५ हेक्टरशी जुळतं का ते स्वतः आधी तपासा. पावसाळ्यानंतरच्या चित्रात तो मोठा दिसतो. तारीख लिहिलेली नसेल तर अकारण नोटीस येते.

एस्क्रो खात्यातून दर पाच वर्षांनी परतावा मागताना जुन्या आराखड्यातल्या कामांचे दाखले चालत नाहीत. सुधारित आराखड्याप्रमाणे झालेलं काम, त्याचा खर्च आणि तपासणीचा दाखला अशी जोडी लावा. जमा रकमेच्या ठरावीक हिश्श्यापर्यंतच परतावा मिळतो, उरलेली रक्कम अंतिम बंदी मान्य झाल्यावर. त्यामुळे काठावरचं गवत, सांडवा आणि कुंपण यांची देखभाल त्या दिवसापर्यंत कंपनीच्याच खर्चाने आणि कंपनीच्याच माणसांकडून चालू ठेवावी लागते, आणि तेवढी तरतूद अर्ज करतानाच वार्षिक अंदाजपत्रकात टाकून ठेवा.